जेवायला येतो

"आमचं झालं जेवण," कस्तुरी दारातच म्हणाली. या नाही, बसा नाही, पाण्याचा तांब्याही नाही.

भाग्यश्री आणि तिचा नवरा पारस चपला काढता काढता थांबले. नॉर्वेहून मुंबई, मुंबईहून भाड्याची गाडी, कराडजवळ रस्त्याच्या कामात रखडपट्टी, आणि आता आष्ट्याच्या या घराचं दार. सकाळी विमानतळावरून भाग्यश्रीनं फोन केला होता, 'संध्याकाळी जेवायला येतो.' आता सात वाजून गेले होते, आणि डिसेंबरातला दिवस सहालाच मावळतो. कवठे महांकाळच्या जैनाघरी जन्मलेली, लहानपणभर उजेड असतानाच जेवलेली बाई असा फोन करते आणि अंधारात दारात उभी राहते, हे कस्तुरीला भयंकर झोंबलं होतं.

"रस्त्यात अडकलो, काकू."

"रस्ता काय आजच झालाय व्हय?"

ती दोघं ब्राह्मीला बघायला आली होती. ब्राह्मी भाग्यश्रीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचे आईबाप पावसाळ्यात अपघातात गेले, तेव्हापासून ती बापाच्या आईवडिलांकडे, म्हणजे कस्तुरी आणि तात्यासाहेबांकडे होती. पुढं लकव्यानं तात्यासाहेबांचा हात लुळा पडला. त्यांनीच नॉर्वेला फोन लावला, 'पोरीला दत्तक घ्या, आमचं काय खरं न्हाई आता.' कस्तुरीला हे नंतर कळलं आणि तिनं अजून हो म्हटलेलं नव्हतं. भाग्यश्रीला मूल नव्हतं, होणारही नव्हतं. तिला ब्राह्मी हवी होती. या बाईनं मान हलवल्याशिवाय ती मिळणार नाही, हे तिला उंबऱ्यातच कळून चुकलं.

आत पाट मांडलेले होते. एका पाटावर ब्राह्मी मांडी घालून बसली होती. समोर ताट, त्यावर दुसरं ताट झाकलेलं.

"ही जेवली नाही?" भाग्यश्रीनं विचारलं.

"मावशीसंगं जेवनार म्हनून बसलीया. ऊन असताना सांगितलं, जेवून घे. ऐकती व्हय?"

"मग आता तरी..."

"भाईर बघ. दिवस हाय का?"

पोरगी ओठ चावत बसली होती. आपल्यामुळं ही उपाशी राहिली, हे भाग्यश्रीच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं पर्समधून चॉकलेट काढून पुढं केलं. ब्राह्मीनं आधी खिडकीकडं पाहिलं, मग दोन्ही हात पाठीमागं नेले.

"सकाळी खाईन," ती म्हणाली.

"बघितलंस?" कस्तुरी म्हणाली. तिच्या आवाजात चक्क आनंद होता.

पारसला राहवलं नाही. "लहान मुलाला उपाशी ठेवा, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"उपाशी कुनी ठिवलं, पावनं? जेवाय येतो म्हनून सांगून येळंवर आला न्हाईसा तुमी."

"पुरं कर, कस्तुरी," कॉटवरून तात्यासाहेब म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमीच बोलवून घेतलंय ह्यास्नी." मग ती भाग्यश्रीकडं वळली, पण बघितलं मात्र भिंतीकडंच. "तिकडं हिवाळ्यात दुपारीच दिवस मावळतो म्हनं. खरं हाय?"

"हो. तीनच्या सुमाराला."

"मग ही जेवायची कवा?"

दुपारीच वाढीन, सगळं पाळीन, असं भाग्यश्रीला म्हणता आलं असतं. तेवढ्यावर काम झालंही असतं. पारस डोळ्यांनी तेच सुचवत होता. पण हात मागं घेऊन बसलेल्या त्या पोरीसमोर तिच्यानं खोटं बोलवेना.

"आम्ही पाळत नाही, काकू. कधीच सुटलंय ते. ती आमच्याबरोबर जेवेल, अंधार पडल्यावर. पण एकही दिवस उपाशी झोपणार नाही."

पारसनं कपाळाला हात लावला. संपलं, असंच भाग्यश्रीलाही वाटलं. इतक्या लांबून येऊन तिनं स्वतःच्या तोंडानं पोर घालवली होती.

"लय खरं बोलाय शिकलीस तिकडं," कस्तुरी म्हणाली. ही काही शाबासकी नव्हती.

गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. लायटरचा आवाज आला. तात्यासाहेबांनी उशीवरची मान उचलली. दिवेलागणीनंतर त्या घरात गॅस कधी पेटला नव्हता. आमटीला कढ आल्याचा वास बाहेरपर्यंत आला.

कस्तुरी पातेलं घेऊन आली आणि ब्राह्मीसमोर बसली. झाकलेलं ताट उघडलं, भातावर गरम आमटी ओतली आणि फुंकर घालून घास कालवला.

"आ कर."

"आज्जे, दिवस मावळलाय."

"ठावं हाय मला. आ कर. सवय लागाय पायजे आता."

भाग्यश्रीला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

ब्राह्मीनं घास घेतला. दोनदा चावला आणि ती थांबली.

"आज्जे, ह्याचं पाप कुनाला लागतं? मला?"

"तुला न्हाई." कस्तुरीनं दुसरा घास उचलला. "आज मी भरवतीया. आज मला."

मग त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिनं भाग्यश्रीच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"तिकडं गेल्यावर तुज्या मावशीला."