एक पिन, दोन घण

"घणाकडे आलोय, तुझ्याकडे नाही," उंबऱ्यातच भागुजी लोहारानं मेहुण्याला बजावलं.

स्वतःच्या पोरीच्या लग्नात मेहुण्यानं सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि भागुजीलाच विसरला. तेव्हापासून भागुजीनं या घरचं पाणी घेतलं नव्हतं. पण आता त्याच्या विजेच्या घणाची मनगटाएवढी पिन मोडली होती. बाजारची पिन आठवडाभरात वाकत होती आणि तसली पक्की पिन घडवायला विजेचाच घण लागतो. तसा दुसरा घण पंचक्रोशीत फक्त मेहुण्याकडे. सासऱ्यांनी दोन्ही घण जोडीनंच घेतले होते, अगदी जुळ्या भावांसारखे.

"त्या दिवशी फेटे कमी पडले हो, दाजी."

"बरोबर माझ्यापाशी आल्यावरच?"

मेहुण्यानं घण चालू केला. भागुजीनं लालबुंद लोखंड सांडशीत धरून घणाखाली फिरवलं. पिन अगदी मापाला उतरली. शेवटचा घाव बसला आणि कडाड आवाज झाला. मेहुण्याचा घण वरच्या वर लटकला. त्याचीही तीच पिन मोडली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग नव्या पिनेकडे.

"दाजी," मेहुण्याचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला, "ही माझ्या घणात बसवू. मग तुम्हाला दुसरी घडवू. म्हणाल तर दोन घडवू!"

भागुजीनं पिन पाण्यात बुडवली. चर्र झालं आणि त्याच्याही काळजाला गारवा मिळाला. सांडशी न सोडता त्यानं दुसऱ्या हातानं टोपी काढली, खिशात कोंबली आणि डोकं पुढं केलं.

"आधी फेटा. आणि तुरा चांगला मोठा सोड."