भिंतीतली चरबी

अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता, तरी बस-ड्रायव्हरचं तोंड थांबलं नव्हतं.

"यकृताच्या पेशीभोवती एक पडदा असतो, भिंतच म्हणा. ती भिंत चरबीची. विषाणू आत शिरला की ती चरबी पळवतो आणि तिचा स्वतःला अंगरखा शिवतो. भिंत होते पातळ. हे माझ्या मुलीनं शोधलंय."

त्याला ते पूर्ण समजलं होतं की नाही, कोण जाणे. पण पाठ मात्र चोख होतं.

"शोधलंय की शोधतेय?" बाकावरच्या मास्तरांनी वर्तमानपत्राआडून विचारलं. ते शाळेतून निवृत्त झाले होते, शंका काढण्यातून नाही.

"शोधलंय म्हणजे शोधलंय!"

"मान हलवू नका, काका," सलूनवाला म्हणाला. "वस्तरा आहे. तुमचीच भिंत पातळ व्हायची."

"मग विचारा ना तिलाच," मास्तर म्हणाले. "लावा फोन."

ड्रायव्हरचे हात कापडाखाली अडकले होते आणि कानाला फेस लागला होता. त्याच्या सांगण्यावरून सलूनवाल्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो आरशाखालच्या फळीवर ठेवला.

"बाळा, ती चरबी कमी होते, हे पक्कं झालं ना? मास्तरांना जरा सांग बघू."

पलीकडून मुलगी म्हणाली, "नाही होत, बाबा."

"काय नाही होत?"

"कमी नाही होत. उलट वाढते. विषाणू घातलेल्या पेशींच्या भिंतीत चरबी जास्तच सापडतेय. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मी इतकी वर्षं जे धरून चालले होते, ते सगळं चुकलं." तिचा आवाज भरून आला. "तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला असाल."

वस्तरा गालापासून दूर झाला. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांनाही ते जड गेलं असावं.

ड्रायव्हर फोनकडे झुकला.

"मग वाढते कशानं?"

"माहीत नाही."

"तुझ्या सरांना विचारलंस?"

"त्यांनाही माहीत नाही. सकाळपासून डोकं धरून बसलेत."

"पुस्तकात असेल की कुठल्यातरी."

"कुठल्याच पुस्तकात नाही, बाबा. हे अजून कुणी पाहिलेलंच नाही."

ड्रायव्हर खुर्चीत हळूहळू ताठ झाला.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई? जेवलीस का?"

"नाही."

"आधी जेवून घे. मग लाग कामाला."

सलूनवाल्याने फोन बंद केला. मास्तर जरा खाकरले.

"म्हणजे, तिला माहीत नाही तर," ते जपून म्हणाले.

"नाही!" ड्रायव्हरचा आवाज शेजारच्या दुकानात ऐकू गेला असेल. "तिला नाही, तिच्या सरांना नाही, जगात कुणालाच नाही. कळेल तेव्हा पहिलं तिला कळेल. मग मला. आणि मग, मास्तर, तुम्हाला."