बाबुरावांची जीभ

"मग जागं करा त्या जनुकाला," बाबुरावांनी डॉक्टरांना फर्मावलं. जिभेच्या कडेला कर्करोगाची गाठ होती, त्यामुळे फर्मान जरा बोबडं निघालं.

तरुण डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. पेशींची बेसुमार वाढ रोखणारं ते जनुक बाबुरावांच्या गाठीतही शाबूत होतं. मोडलं नव्हतं, हरवलं नव्हतं. तंबाखूच्या माऱ्यानं त्याच्यावर रासायनिक कुलूप बसलं होतं आणि ते गप्प झालं होतं. थांब म्हणणारं कोणी उरलं नाही, म्हणून गाठ वाढली. "कुलूप काढणारं औषध अजून प्रयोगशाळेत आहे. तुमच्यासाठी आज शस्त्रक्रियाच. निम्मी जीभ काढावी लागेल."

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादात मराठीच्या बाजूनं याच जिभेनं पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सभा गाजवल्या होत्या. गालात तंबाखूचा विडा असतानाही शब्द अडखळत नसे, याचं गावाला कोण कौतुक. सभेत शुद्ध मराठी. बायकोला दटावायला मात्र गावची बोली पुरायची, तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसे.

"औषध येईपर्यंत मी थांबतो," बाबुरावांनी जाहीर केलं. गाठीशी बोलणी झाल्यासारखा त्यांचा स्वर ठाम होता.

डॉक्टर शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, सत्यवतीकडे वळले. "इतके महिने घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"तिला काय कळतं त्यातलं," उत्तर बाबुरावांनीच दिलं.

तिला कळलं होतं. नवरा पाव चहात भिजवूनही एकाच बाजूनं चावतो, सोलकढीनं कळवळतो, हे तिनंच पाहिलं होतं. दोतोराक दाखवा, असं ती एकदा बैठकीत बोलून गेली. नवऱ्याचं 'गप रव' ऐकून पाहुणे हसले, मग तीही हसली. बायकांनी पुरुषांच्या बैठकीत बोलायची त्या घरात रीत नव्हती. चुना लावलेल्या तंबाखूचं तबक मात्र तिनंच आणून ठेवायचं.

अर्ध्या जिभेचा नवरा तिला चालला असता, उलट बराच चालला असता. नवराच नसणं तिला सोसणार नव्हतं.

"दोतोर," ती म्हणाली, "कापूक तारीख दिया."

बाबुराव दचकले. "गे, तू गप रव."

"इतकी वर्सां गप रवलंय, म्हणानच ती वाडली," सत्यवती म्हणाली. "तारीख दिया, दोतोर."