लाल नाव

"वहिनी, परक्यांना थडग्यावर कशाला घेऊन आलात?" मूशुई काकांनी विळा आपटत विचारलं. "हा काय सहलीचा दिवस आहे?"

त्यांची वहिनी चाओदी गवत कापतच राहिली. खालच्या चढणीवर तिचे परके धापा टाकत येत होते. पवनचक्क्यांच्या कारखान्यातला डॅनिश साहेब येस्पर, त्याची बायको कारेन आणि आठ वर्षांची सिग्ने. चाओदी शहरात त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. साहेबाच्या गळ्यात कॅमेरा, बाईच्या पिशवीत पाव आणि चीज. छिंगमिंगच्या, पितरांची थडगी साफ करायच्या दिवशी सारा डोंगर आपापल्या थडग्यांवरचं गवत कापत होता, आणि हे तिघे वाटेतल्या प्रत्येक थडग्यापाशी हसून मान लववत वर येत होते.

चाओदीच्या सुनेच्या, पेइयुनच्या अंगाचा तिळपापड झाला. सासूने आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. एरवीसुद्धा हा दिवस तिला नकोसा व्हायचा.

त्याचं कारण सासऱ्यांच्या थडग्यावरचा तो दगड. त्यावर तीन नावं कोरलेली होती. सासऱ्यांचं काळ्या रंगात, शेजारी सासूचं लाल, आणि खाली कोपऱ्यात दगड उभारणाऱ्या मुलाचं, चेन हाइशेंग, तेही लाल. जिवंत माणूस लाल, गेलेला काळा, इतकी साधी गोष्ट. हाइशेंग हा पेइयुनचा नवरा. तीन वर्षांपूर्वी माकूळ धरायच्या जहाजावर गेला तो परतला नाही. जहाजही परतलं नाही. मालकांचं पत्र आलं आणि गावाने त्याच्या नावाने अंघोळ केली. चाओदीने केली नाही. दर वर्षी ती स्वतः त्या तीन अक्षरांत ताजा लाल रंग भरायची. अख्ख्या दगडावरची तेवढीच अक्षरं तिला येत होती. मुलगा पहिलीत असताना त्याच्या शेजारी बसून शिकली होती. गेल्या वर्षी काकांनी काळा ब्रश उचलला, तर ती विळा घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेली.

आणि नाव लाल होतं तोवर पेइयुन जिवंत माणसाची बायको होती. तिला रडायचीही चोरी होती. फेरीबोटीवरचा काओ दोन वर्षं तिच्यासाठी थांबला होता. यंदा त्याने विचारणंच सोडलं होतं.

गवत कापून झालं. कागदाच्या पट्ट्या खड्यांखाली दाबून झाल्या. चाओदीने दारूचे तीन पेले भरले, रंगाचे दोन्ही डबे उघडले आणि काळा डबा सिग्नेच्या हातात दिला.

"आजोबांचं नाव रंगव हं, बाळ." मग तिच्या कानाशी लागून आणखी काहीतरी बोलली. आणि दगडाकडे पाठ करून खाली बसली, उकडलेली अंडी सोलायला.

साहेब फोटो काढत होता. कारेन कौतुकाने बघत होती. पेइयुन कापलेल्या गवताचा भारा बांधत होती. तिने मान वर केली आणि भारा तिथेच टाकला.

सिग्नेने आजोबांचं नाव संपवलं होतं. जीभ दातांत धरून ती आता खालच्या कोपऱ्यात होती. चेन काळं झालं होतं. हाइ काळं झालं होतं. शेंगची एकच रेघ उरली होती.

"अगं ए!" पेइयुन किंचाळली.

सिग्ने दचकली, पण रेघ पुरी करूनच थांबली.

काकांच्या हातातला विळा गळून पडला. काय झालं ते कारेनला कळलं नाही, पण काहीतरी भयंकर झालं एवढं कळलं. ती ओला रुमाल घेऊन धावली. "माफ करा, माफ करा, लहान आहे, चुकलं तिचं..." पेइयुनही गुडघ्यांवर बसून बाहीने पुसायला लागली. आत कुठेतरी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या वाटण्यानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती जोरजोरात पुसू लागली.

"पुसू नका," चाओदी म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

"मी चुकले नाही!" सिग्ने रडकुंडीला आली. "आजीनेच सांगितलं. ही अक्षरं मी महिनाभर गिरवतेय. आजीनेच शिकवली मला!"

शेजारच्या थडग्यावर फटाके लागले. चाओदीच्या हातातल्या अंड्याचं कवच कधीच निघालं होतं, तरी तिची बोटं सोलतच होती.

"माझ्या हातून होईना गं," फटाके थांबल्यावर ती पेइयुनला म्हणाली. मग तिने काकांकडे पाहिलं. "आणि भावजी, घरच्या कुणी केलं असतं, तर त्याचं तोंड मी मरेपर्यंत पाहिलं नसतं. म्हणून परक्यांना आणलं."