किटलीचं टोपडं

तेजसने किटलीवरचं टोपडं उचललं आणि त्याचा हात तिथेच थांबला. आत किटली नव्हती. दुधाची पिशवी होती.

“आई, हे काय?”

“मीच ठेवली असेल,” गीतांजली घाईने म्हणाली. “किटली फ्रिजमध्ये असेल बघ.”

किटली फ्रिजमध्येच होती. चहासकट.

टोपडं तिनेच शिवलं होतं, जुन्या इरकलीत कापूस भरून. नवऱ्याला दुसरा कप शिकवणी संपल्यावर लागायचा, तोवर चहा गरम राहावा म्हणून.

“गेल्या रविवारी पातेलं जळलं. तेही तूच?”

“मीच रे. वय झालं आता.”

हॉलमध्ये अरविंद सर शेजारच्या मनस्वीकडून पाढा म्हणून घेत होते. सानपाड्यातल्या त्या सोसायटीतली निम्मी पोरं त्यांच्याकडे यायची.

“सतरा साते?”

“एकशे... एकोणीस?”

“शाब्बास! मग एवढं घाबरत काय सांगतेस? मी काय वाघ आहे?”

मनस्वी खुदकन हसली.

“बाबांचं डोकं बघ, अजून कसं चालतं,” तेजस हळूच म्हणाला. “पण आई, घरात लोकांची मुलं असतात. गॅस चालू राहिला तर? शिकवणी बंद करावी लागेल.”

“नको!” तिचा आवाज चिरकला. “पोरं यायची थांबली तर ते खचतील रे. मी लक्ष ठेवीन.”

“तू लक्ष ठेवणार?” तेजसने तिचे हात हातात घेतले. “टेन्शन घेऊ नको. डॉक्टरांना दाखवू. पण आजपासून तू गॅसला हात लावायचा नाहीस. चहा बाबा करतील. कबूल?”

ती हात सोडवून दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवायला वळली. तेजसला तो होकार वाटला.

तो टोपडं घेऊन हॉलमध्ये गेला. “बाबा, चहाचं खातं आता तुमच्याकडे. आईला आराम.”

“अवश्य,” सर हसून म्हणाले.

तेजसला जासईच्या कंटेनर यार्डात ड्युटीवर जायचं होतं. तो वाकून दोघांच्या पाया पडला आणि मनस्वीला बरोबर घेऊन निघाला. लिफ्ट खाली गेली.

सर टोपडं हातात घेऊन दाराकडे बघत राहिले.

“गुणी वाटला,” ते म्हणाले. “कोणाचा गं मुलगा?”