चिठ्ठीशिवायचं मलम

घर लहान पडतं म्हणून दादाने आईला माझ्याकडे आणून सोडलं, त्याला आता वर्षं लोटली. पण महिन्याच्या शेवटी त्याचा फोन चुकायचा नाही. "आई, गुडघ्याला मलम लावतेस ना? खोकल्याचं औषध संपलं का? बिलं तेवढी आठवणीने पाठव हं." आईला कोण कौतुक! "बघ, लांब राहूनही किती जीव आहे त्याचा माझ्यावर," हे वर मलाच ऐकवायची. औषधं मी आणायचे, बिलांचे फोटोही मीच पाठवायचे.

आज तिच्या गुडघ्याला मलम चोळत होते, तेवढ्यात दादाच्या ऑफिसातून तिला फोन आला. मी स्पीकर लावून दिला.

"आजी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मलमाचे, सिरपचे पैसे आम्ही देतो, पण आईवडील कर्मचाऱ्याच्याच घरी राहत असतील तरच," पलीकडची बाई म्हणाली. "तुमच्या मुलाने तसं लिहून दिलंय. बिलं मात्र सगळी दुसऱ्याच गावातल्या दुकानाची आहेत. तुम्ही नक्की राहता कुठे?"

माझा हात थांबला. म्हटलं, बरं झालं, कळू दे एकदाची हिला लेकाची माया.

आईने माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला.



"मुलाकडेच राहते की! ते मुलीचं गाव. तिच्याकडे जाते कधीतरी चार दिवस, त्यापुढे मी तिला जड होते."