आठ टोकांची चांदणी

"उसवा," सून म्हणाली.

सासूबाईंनी मान वर केली. अर्धांगाच्या झटक्याला तीन महिने होत आले होते. शब्द अजून तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून घसरत बाहेर यायचे. "कागद... उसवत नाहीत. उलगडतात."

"मग उलगडा. आणि घाला परत घडी."

नाताळ पाच दिवसांवर आला होता. जेवणाच्या टेबलावर चौकोनी कागदांचा गठ्ठा, बोथट कात्री आणि गोंदाची बाटली. चांदणी म्हणजे खरं तर पोरखेळ. कागद उभा, आडवा आणि तिरका दुमडायचा. चारही बाजूंना मधोमध चीर द्यायची. सुटलेल्या कडा एकमेकींवर चिकटवल्या की चार टोकं उभी राहतात. अशा दोन पाठीला पाठ लावल्या की आठ. शाळेतली पोरं बोलता बोलता करतात. सासूबाईंचा उजवा हात दुपारपासून पहिल्या घडीवरच अडला होता.

पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलींना शिवण शिकवलं होतं. लोक त्यांना अजून शिवणबाईच म्हणत. आता त्यांचा अंगठा कागदावर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. त्यांनी कोपऱ्यावर कोपरा आणला. कागद निसटला. पुन्हा आणला. ओठ आवळले, कपाळावर घाम आला. कशीबशी घडी पडली.

सुनेने घडी हातात घेऊन उजेडात धरली. "टोकाला टोक कुठंय? डोळे आहेत की बटणं?"

हे वाक्य कुणाचं, ते दोघींनाही ठाऊक होतं. सून या घरात आली त्या पहिल्या नाताळात, पाहुण्यांनी भरलेल्या याच खोलीत, सासूबाईंनी तिच्याकडून एका पडद्याची दुमड सात वेळा उसवून घेतली होती. त्यानंतर अकरा नाताळ गेले. सुनेने हाताने केलेलं काही दारावर लावलं, की सकाळी ते काढलेलं असायचं. एकदा तर तिने महिनाभर खपून केलेली कापडी तोरणं मोलकरणीच्या हातात फडकी म्हणून दिसली होती.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी डावा हात उचलला.

"डावा खाली," सून म्हणाली. "उजव्याने पुसा."

उजवा हात गालापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. सून बघत राहिली. तिला बरं वाटलं. वाईट वाटतंय का, हे तिने मन चाचपून पाहिलं, नाही वाटलं.

तेवढ्यात नवरा कामावरून आला. आईचा चेहरा बघून दारातच थबकला. "अगं, काय चाललंय हे? किती दमवलंयस तिला! चांदण्या बाजारात तयार मिळतात. आई, राहू दे ते, चल, पड जरा. मी भरवतो तुला."

तो खांद्याला धरून उठवायला लागला, तशा सासूबाईंनी अख्खं अंग झटकलं. "तू... आत जा."

"पण आई..."

"जा म्हटलं ना!"

तो बायकोकडे रागाने बघत आत गेला. सासूबाईंनी नवा कागद ओढला.

सहाच्या सुमारास व्यायाम करून घेणारी मुलगी आली. नेहमीसारखे हात वरखाली करून झाले, आणि तिने सासूबाईंच्या बोटांसमोर एक बारीक मणी धरला. दोन महिने रोज धरत होती. आज तो उचलला गेला. थरथरत का होईना, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन क्षण राहिला, मग पडला.

"अय्या!" मुलगी ओरडलीच. तिने टेबलावरचे चुरगळलेले कागद पाहिले. "हे तुम्ही करून घेताय? रोज?"

"पंधरा दिवस झाले," सून म्हणाली.

"घरोघरी बघते ना मी. सगळे लाडाने हातातलं काढून घेतात, मग हात कायमचा राहतो तसाच. नशीबवान आहात हो आजी. एवढा जीव लावणारी सून कुणाला मिळते?"

सून गोंदाच्या बाटलीचं झाकण लावत होती. ते वाकडंच बसलं. तिने काढून पुन्हा लावलं. कुणीतरी तिच्या ताटातला घास उचलून न्यावा तसं तिला वाटलं.

मुलगी गेली. नवरा तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. खोलीत दोघीच उरल्या. सासूबाईंच्या पुढ्यात एक चांदणी होती, आजची एकुलती एक. सात टोकं ताठ होती, आठवं मान टाकून बसलेलं.

"जीव लावतेस म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने कात्री मिटून बाजूला ठेवली.

"सूड घेतेयस तू. माझा."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. "हो."

सासूबाईंनी सावकाश मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवत असतील तशी. मग उजव्या हाताने कागदांचा गठ्ठा सुनेकडे सरकवला. अर्धे कागद खाली पडले. सून उचलायला वाकली नाही, आणि सासूबाईंनीही तसं सुचवलं नाही.

"उद्या जाड कागद आण," त्या म्हणाल्या. "हा फार लवकर ऐकतो."